पक्कं गिऱ्हाईक

गाडी विकत घ्यायची नसताना ती चालवून कशी बघावी, हे मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या अम्मानमध्ये कुणाला कळत नसेल. लोक चुकतात कुठे, तर शोरूममध्ये शिरल्या शिरल्या किंमत विचारतात. किंमत विचारणारा घेणार नाही हे सेल्समनला तिथल्या तिथे कळतं. गाडीची स्तुती करणारा तर मुळीच घेणार नसतो. खरं गिऱ्हाईक सासुरवाडीला जेवायला आल्यासारखं तोंड करून येतं. काही आवडलं तरी दाखवत नाही. डिकी उघडतं, आत डोकं घालतं आणि म्हणतं, "एवढीच?" मी या शहरातल्या सगळ्या डिक्यांना "एवढीच?" म्हटलेलं आहे. एकदा एका मालवाहू टेम्पोलासुद्धा.

आणि बायको बरोबर हवी. एकटा आलेला पुरुष बघायला आलेला असतो, बायकोला घेऊन आलेला घ्यायला. माझी बायको इंतिसार या कामात माझ्यापेक्षा तयार आहे. ती एक शब्द बोलत नाही. सीटवर बसते, दार लावते, उघडते, पुन्हा लावते, आणि माझ्याकडे बघून मान हलवते. ती मान हो म्हणते की नाही, हे पस्तीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही, मग सेल्समनला काय कळणार? तो बिचारा लगेच किल्ली आणायला पळतो.

हा उद्योग आम्ही हौसेनं सुरू केला असं नाही. मी सरकारी शाळेत भूगोल शिकवत होतो. वसफी मास्तर. मुलाचं नाव यमान, म्हणून गल्लीत मला अबू यमान म्हणतात. निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या जुन्या गाडीनं चढावर जीव सोडला. इंतिसारचे गुडघे त्याच सुमाराला गेले. तिची धाकटी बहीण रबीहा डोंगरातल्या सल्त गावात राहते, आणि दर गुरुवारी दोघी बहिणींनी भेटायचं हा नियम माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे. आता सल्तला जायचं म्हणजे बसमध्ये दाटीवाटीनं. गुडघे न वाकणाऱ्या बाईला तिथे ठेवायचं कुठे? दोन महिने बहिणी फोनवर रडल्या.

मग एका गुरुवारी आम्ही खरोखरच गाडी बघायला गेलो. परवडणार नाही हे किल्ली हातात यायच्या आधीच कळलं होतं, पण सेल्समन म्हणाला, "न्या ना काका, कुठेही फिरवून आणा." इंतिसार शेजारून म्हणाली, "सल्तला." परत येताना ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी किती दिवसांनी ऐकलं म्हणून सांगू. त्यानंतर दर गुरुवारी आम्ही शोरूम बदलत गेलो. एका ठिकाणी मी दातांचा डॉक्टर होतो, एका ठिकाणी ठेकेदार. तिसऱ्या ठिकाणी आमचा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला की लगेच व्यवहार करणार होता. यमान कुवेतला आहे हे खरं. बाकी त्याला काही माहीत नव्हतं.

तर हे असं सुरळीत चाललेलं असताना तो गुरुवार उजाडला.

सकाळीच माझी दाढ काढली होती. खऱ्या डॉक्टरनं. गालात कापसाचा बोळा, आणि गरम काही तोंडात घ्यायचं नाही अशी ताकीद. मी घरी येऊन म्हणालो, "आज राहू दे का?" इंतिसार मक्लूब्याच्या पातेल्याला फडकं बांधत होती. भात, तळलेली वांगी आणि कोंबडी थरावर थर लावून शिजवलेली, सल्तला नेऊन परातीत उपडी करायची. ती म्हणाली, "दाढ तुमची गेलीय. माझा गुरुवार नाही गेला."

गेलो. शोरूमच्या रस्त्यावर तोंड दाखवण्यासारखं आता एकच शोरूम उरलं होतं, आणि तिथेही आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. तिथला सेल्समन नायेफ. तिशीतला, करक गावचा, कायम सूट घातलेला, चष्मा लावणारा, आणि या धंद्याला न शोभण्याइतका सरळ. आम्हाला बघून तो हसला खरा, पण मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "काका, राग मानू नका. आमचे बिशारा साहेब विचारतायत, हे गृहस्थ खरंच घेणार आहेत का. तुम्ही मला सांगून टाका. नाही म्हणालात तरी चहा पाजीन."

असं कुणी विचारलं की माणूस आतून हलतो. शिवाय मागे काचेच्या खोलीत बिशारा साहेब उभे राहून आमच्याकडेच बघत होते. कापसामुळे मला भरभर बोलता येत नव्हतं. एकेक शब्द जड होऊन बाहेर पडत होता, आणि त्यामुळे मी एरवीपेक्षा फारच भारदस्त वाटत होतो.

"बाळ," मी म्हणालो, "आमच्या घरात माझ्या साडूंच्या शब्दाशिवाय काही होत नाही. ते सल्तला असतात. त्यांनी एकदा हो म्हटलं की झालं."

"म्हणजे त्यांनी हो म्हटलं की आजच?"

"आजच," मी म्हणालो. काय बोलून गेलो ते मला कळलं, पण तोवर तो किल्ली आणायला गेला होता.

रोजची चाचणीची गाडी नेमकी दुरुस्तीला गेलेली. तेव्हा नायेफनं दर्शनी भागात ठेवलेली नवीकोरी पांढरी गाडी बाहेर काढली. तिच्या बॉनेटवर परातीएवढं लाल सॅटिनचं फूल होतं. ते काढू का, असं त्यानं आत विचारलं. बिशारा साहेबांनी हातानंच सांगितलं, काढू नकोस, पुन्हा नीट बसत नाही. वर सोनेरी कागदातला चॉकलेटचा डबा दिला. तो म्हणे फक्त पक्क्या गिऱ्हाइकांना देतात.

गाडी मी चालवायला घेतली. गुडघ्यांमुळे इंतिसार पुढे बसली. राहिलं पातेलं. नव्या सीटवर तेलाचा डाग पडायला नको म्हणून ते नायेफनं स्वतः मांडीवर घेतलं, खाली गाडीच्या माहितीची चकचकीत पुस्तिका अंथरून. सल्तपर्यंतचा रस्ता वळणावळणाचा. तो बिचारा दोन्ही हातांनी पातेल्याला मिठी मारून मागून सांगत होता, "काका, हिला सहा एअरबॅग आहेत," आणि वाफेनं त्याचा चष्मा पांढरा झाला होता.

"बेटा, पातेलं," इंतिसार प्रत्येक वळणावर म्हणायची.

"आहे मावशी, आहे."

"कुणाचा रे तू? आई काय करते?"

अर्ध्या वाटेत तिला त्याच्या घरची सगळी माणसं पाठ झाली होती. वडील गेलेले, तो एकटा भाऊ, तीन बहिणी उजवलेल्या, आई करकला. माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात एकच विचार होता. साडूंना आधी कोपऱ्यात घेऊन सांगायचं की बाबा रे, तुला विचारलं की नाही म्हण.

ते साधलं नाही. सल्तमधलं त्यांचं घर चढावर आहे, आणि तिथे प्रत्येक गच्ची सगळ्या गच्च्यांना बघते. मी गाडी दारात लावली तेव्हा समोरच्या बायका वाळत घातलेले कपडे सोडून कठड्याशी आल्या. त्यांना काय दिसलं असेल ते आता माझ्या डोळ्यांसमोर येतं. लाल फूल लावलेली पांढरी गाडी. तिच्यातून सूटबूट घातलेला तरुण, हातात सोनेरी डबा. पुढे वडीलधारा माणूस, दाढदुखीनं गंभीर. मागून पातेलं घेऊन बायको. आपण काय दिसतोय याचा विचार मी तेव्हा कशाला करतोय?

माझे साडू अबू हातिम जन्मभर सीमेवर कस्टममध्ये होते. आलेल्या माणसाकडे ते अजूनही बॅग उघडायला सांगणार असल्यासारखं बघतात. त्यांनी नायेफकडे बघितलं, फुलाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि आम्हाला पुढच्या खोलीत नेलं. त्या खोलीत मला एरवी कधी बसवत नाहीत.

इथे त्यांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. शुरूक. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, हुशार आणि तोंडानं तिखट. तिनं चार स्थळं नाकारली होती. शेवटचा बँकेतला साहेब होता, त्याला तर कॉफी थंड व्हायच्या आत. तेव्हापासून त्या घरात लग्न हा शब्द कुणी काढत नव्हतं.

कॉफी आली. वाफाळणारी, वेलचीची. मला गरम चालणार नव्हतं. मी पेला उचलला, तसाच टेबलावर ठेवला. मोठ्यांनी घेतल्याशिवाय कसं घ्यायचं म्हणून नायेफनंही आपला पेला खाली ठेवला.

अबू हातिम त्या दोन पेल्यांकडे टक लावून बघायला लागले.

आता, मुलीला मागणी घालायला आलेला वडीलधारा कॉफी न पिता पेला खाली ठेवतो, आणि मुलीच्या बापानं हो म्हटल्यावरच तो उचलतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. मी स्वतः अशा तीन लग्नांत बसलो आहे. पण त्या घटकेला माझ्या सगळ्या जिवाची दाढ झाली होती.

अबू हातिमनी घसा साफ केला. "बोला अबू यमान. कशासाठी येणं केलंत?"

नायेफ माझ्याकडे आशेनं बघत होता. मी कापूस सावरला. "अबू हातिम, तुमच्या शब्दासाठी आलोय. तुम्ही हो म्हणाल तर हे काम पुढे जाईल. तुमच्या शब्दाशिवाय नाही." आणि त्यांना कळावं म्हणून डोळा मिचकावला. गाल सुजल्यामुळे दोन्ही डोळे मिटले. ते म्हणे फार भावुक दिसलं.

अबू हातिमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "पण तू तर आमच्याकडचा. तू त्यांच्या बाजूनं कसा?"

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. दोघांचं भलं व्हावं एवढंच."

हे त्यांना पटलं. ते नायेफकडे वळले. "काय करतोस?"

"कंपनीत आहे साहेब. विक्री विभागात."

"हं. मला गोल बोलता येत नाही. पुढे काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची?"

नायेफचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला रोज विचारतात. "संपूर्ण जबाबदारी आमची साहेब. पाच वर्षं."

"पाच वर्षं?"

"किंवा एक लाख किलोमीटर. जे आधी होईल ते."

अबू हातिमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गाडीबद्दल जास्त खोलात शिरू नये म्हणून बघतायत. मी घाईनं म्हणालो, "त्याच्या पुढचं मी बघतो. माझा शब्द."

"तू शब्द देतोस म्हणजे झालं," ते म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. "घाई तर नाही ना?"

"घाई अशी नाही," नायेफ नम्रपणे म्हणाला, "पण खरं सांगू साहेब, दुसरं कुणी येऊन घेऊन गेलं तर मग आपल्या हातात काही राहत नाही. पांढऱ्यात आता ही एकच उरली आहे."

अबू हातिमनी आतल्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "रंगानं ती आईवर गेलीय."

नायेफ माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघायला लागलो. अबू हातिम उठून आत गेले.

"काका," नायेफ कुजबुजला, "गाडीची आई म्हणजे?"

"जुनं मॉडेल म्हणत असतील," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एवढ्यात आतून रबीहाची किलकारी उठली. लग्नाकार्यात आमच्या बायका जीभ हलवून लांबलचक घालतात तशी. समोरच्या गच्चीतून तिला दुसरी किलकारी आली, तिच्या वरच्या गच्चीतून तिसरी. नायेफ अर्धवट उभा राहिला. "सल्तला गाडी घेतली की असं करतात?"

दारात इंतिसार उभी होती आणि मला बोटानं बोलवत होती. तिच्या गालांवर पाणी होतं.

बोळात तिनं माझी बाही धरली. "शुरूकसाठी स्थळ आणलंत आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"कुठलं स्थळ?"

"रबीहा माझ्या गळ्यात पडून रडतेय. मीही रडले. कशासाठी रडायचं ते नंतर विचारलं."

पेला, फूल, डबा, माझे ते जड शब्द, सगळं एकदम माझ्या डोक्यात एका ओळीत येऊन उभं राहिलं. बाहेर गच्च्यांवरून अभिनंदनाचं "मबरूक, मबरूक" चालू झालं होतं. अबू हातिमनी आत जाऊन होकार सांगून टाकला होता, तोही मुलीला न विचारता. चार नकारांनंतर त्या माणसाचा धीर सुटला असणार. आता हे स्थळ नव्हतंच म्हणून सांगायचं म्हणजे त्यांची मान सगळ्या चढणीसमोर खाली. आणि दोन्ही बहिणींचा गुरुवार कायमचा बंद.

तोच शुरूक बाहेर आली. शांतपणे. वडिलांना म्हणाली, "बाबा, उत्तर द्यायच्या आधी मला एकदा त्या गाडीतून फिरून यायचंय. काका-मावशी येतील बरोबर."

अबू हातिम कुरकुरले, पण त्यांनी अडवलं नाही. नाही म्हणण्याऐवजी ती काहीतरी मागतेय, हेच त्यांना खूप होतं.

गाडी शुरूकनं चालवायला घेतली. शेजारी नायेफ, मागे आम्ही दोघं. नायेफनं पट्टा लावला आणि सवयीनं सुरुवात केली, "हिला मागे बघायला कॅमेरा आहे."

"मला माहितीय," ती म्हणाली. "काचेवर लावलेलं वाचलं मी. वसंत सवलत, महिनाअखेरपर्यंत. तुम्ही गाडी विकायला आला आहात. होय ना?"

"हो," नायेफ म्हणाला. "दुसरं कशाला येणार?"

"बाबांना वाटतंय तुम्ही मला मागणी घालायला आलात. त्यांनी होही म्हटलंय."

नायेफ मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. तेही फार ऐकू येत नव्हतं, गाडी चांगली होती.

"मला वाटलं ते पाच वर्षांच्या वॉरंटीवर जास्त अडतील," तो शेवटी म्हणाला.

शुरूकला हसू आलं. ते तिनं वळण घेण्यात लपवलं. "हे बघा, सोपं आहे. आत जाऊन मी नाही म्हणते. चौघांना म्हटलंय, पाचव्याचं कुणाला नवल वाटणार नाही. बाबांचा शब्द राहिला, तुमची सुटका झाली, काका वाचले."

मला तिचे हात धरावेसे वाटले. इंतिसारनं सुस्कारा सोडला. प्रकरण मिटलं होतं. आणि तेवढ्यात नायेफ म्हणाला, "पण नाही का?"

"म्हणजे?"

"नाही म्हणायचं कारण काय? काही विशेष खटकलं का?"

"अहो, तुम्ही मागणीच घातली नाहीत."

"ते वेगळं," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. समोरून नकार आला की सेल्समनचा बदलतो तसा. "पण समजा घातली असती, तर हरकत कशाला होती? तुम्ही मला एवढं सांगा. बघून तर घ्या आधी. निर्णयाची घाई नाही."

"मावशीला विचारते. मावशी, कसा आहे गं?"

"एक दाणा सांडला नाही त्यानं," इंतिसार मागून म्हणाली. विचारलं ते सोडून ती नेहमी दुसऱ्याचंच उत्तर देते.

पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण कळलं नाही. तो तिला दुकानातल्या पाळ्या विचारत होता, ती त्याला करकच्या हवेबद्दल. आपण नक्की कुणाकडचे हेच मला समजेना. मी गाडी बघायला आलेला होतो की मुलाकडचा होतो की मुलीकडचा? बोळा रक्तानं भिजला होता, तो बदलायचं राहिलं होतं.

परत आलो तर पुढची खोली शेजाऱ्यांनी भरली होती. शुरूक वडिलांना म्हणाली, "मला एक महिना द्या." बस. ती आत गेली. अबू हातिमना नकाराची इतकी सवय झाली होती की त्या महिन्यानं त्यांचे डोळे भरून आले.

आपण निघावं असं मी म्हणणार, तर नायेफ सूट नीट करून त्यांच्यासमोर उभा राहिला. मी त्याचा कोट मागून ओढला. त्यानं माझा हात हळूच काढला.

"साहेब, एक चूक झालीय. मी गाडी दाखवायला आलो होतो. मागणी घालायला नाही."

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी पेला खाली ठेवला. अबू हातिमच्या कपाळावरची शीर वर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सामानात काय सापडलंय आणि ते कुणाचं आहे ते कळल्यासारखं. मग नायेफला विचारलं, "म्हणजे तू मागणी घातली नाहीस?"

"नाही साहेब. माझ्याबरोबर माझ्या घरचं कुणीही नव्हतं. अशी मागणी घालतात का?" त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "पण घालायची असली तर किती दिवसांनी आलं म्हणजे चालेल?"

पहिल्यांदा रबीहा हसली, आतून. मग शेजारी. अबू हातिम हसले नाहीत. ते त्याच्या अंगावर धावून जातील असं मला वाटलं. ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आधी ती गाडी ज्याची आहे त्याला नेऊन दे. जेवून जा." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अबू यमाननी नाही जेवलं तरी चालेल."

जेवणाचं नुसतं निमित्त होतं, राग माझ्यावर होता. मला तसंही चावता येत नव्हतं.

शोरूमबाहेर बिशारा साहेब फुटपाथवर उभे होते. गाडी सकाळी गेली होती, आता ऊन उतरलं होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मागच्या सीटच्या फटीत भाताचं एक शीत दिसलं, ते बोटानं उचललं आणि नायेफपुढे धरलं.

"साहेब," नायेफ म्हणाला, "एक व्यवहार होत आलाय. पण गाडीचा नाही. माझ्या वडिलांच्या जागी तुम्हाला यावं लागेल."

ते माझ्याकडे वळले. "आणि तुमचं काय ठरलं?"

"साडूंनी नाही म्हटलं," मी म्हणालो. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

महिन्यानं नायेफची आई करकहून आली, बिशारा साहेब पांढरा सदरा घालून आले, आणि त्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतः कॉफीचा पेला खाली ठेवला. मला मुलीकडच्या रांगेत शेवटी बसवलं होतं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. अबू हातिमनी पाच वर्षांचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी नायेफ म्हणाला, "जन्मभर," आणि किलोमीटर काढले नाहीत. शुरूक दारामागे होती. ती हसली ते सगळ्यांनी ऐकलं.

लग्न अम्मानला झालं. मुलीचा काका म्हणून मला दारात स्वागताला उभं केलं. कोट इस्त्रीचा, मिशी काळी केलेली, इंतिसार शेजारी खुर्चीवर. आणि मग पाहुणे यायला लागले. नायेफ दहा वर्षं त्या धंद्यात होता. त्याचे मित्र कोण असणार?

पहिल्यानं हात धरला आणि सोडलाच नाही. "डॉक्टरसाहेब, तुम्ही? आमची ती निळी गाडी तुमच्यासाठी राखून ठेवली होती मी."

"डॉक्टर कुठले?" त्याच्या मागचा म्हणाला. "हे तर ठेकेदार. पुढच्या आठवड्यात तीन गाड्या एकदम घेणार होते."

"ठेकेदार नाही रे. यांचा मुलगा येतोय कुवेतहून," तिसरा म्हणाला. "वर्ष झालं, अजून विमानतळावरच आहे."

रांग पुढे सरकेना. त्या रस्त्यावरचा एकूणएक सेल्समन तिथे उभा होता, आणि जो तो दुसऱ्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगत होता. मी प्रत्येकाला "या, या, जेवून जा" म्हणत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं. त्यातला एक फार भला होता, तो जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "काका, त्या डिकीला तुम्ही 'एवढीच' म्हणालात ना, तेव्हापासून मी ती गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवत नाही."

त्या रात्री घरी येताना इंतिसार एक अक्षर बोलली नाही. मी टॅक्सीत बाहेर बघत बसलो. सगळी शोरूम बंद होती, आत दिवे होते, आणि काचांमागून गाड्या माझ्याकडे बघत होत्या. दारात कुलूप काढताना मला वाटलं, हिला वाईट वाटलं असेल, काहीतरी बोलावं.

"अहो," तीच म्हणाली, "तिकडे इर्बिद शहरातसुद्धा शोरूम असतील, नाही?"